हेगचं वॉरंट आणि पुतिन यांचा प्रवास

१६ फेब्रुवारी २०२३ रोजी रशियन वाहिन्यांनी एक भेट दाखवली. टेबलाच्या एका बाजूला अध्यक्ष व्लादिमिर पुतिन, दुसऱ्या बाजूला त्यांच्याच कार्यालयातल्या बालहक्क आयुक्त मारिया ल्व्होवा-बेलोवा. युक्रेनच्या व्याप्त भागांतून आणलेल्या मुलांना रशियन कुटुंबांत कसं सामावून घेतलं जातंय, याचा अहवाल बाई देत होत्या. मारिउपोलमधल्या एका किशोरवयीन मुलाला आपण स्वतःच्या घरी आणलं आहे, असंही त्यांनी सांगितलं. हा संवाद क्रेमलिनने आपल्या संकेतस्थळावर जसाच्या तसा ठेवला. यात लपवण्यासारखं काही आहे, असं तिथे कुणाला वाटलंच नव्हतं.

महिना उलटला आणि १७ मार्चला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने या दोघांच्या नावाने अटक वॉरंट काढलं. सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्य देशाच्या विद्यमान प्रमुखावर या न्यायालयाने वॉरंट काढण्याची ही पहिलीच वेळ.

रशियाचं जगात आज नेमकं काय स्थान आहे, यावर आपल्याकडे भरपूर बोललं जातं. एक बाजू म्हणते, रशिया एकटा पडला. दुसरी म्हणते, पश्चिमेने कितीही आदळआपट केली तरी पुतिन यांचं काही बिघडलं नाही. मला या दोन्ही गोष्टी अपुऱ्या वाटतात. हे वॉरंट निघाल्यानंतर कुठल्या देशाने पुतिन यांच्यासाठी दार उघडलं, कुणी ते लावून घेतलं, आणि तसं करताना कुणाला काय किंमत मोजावी लागली, हे एकेक करून पाहिलं तर या प्रश्नाचं जास्त खरं उत्तर मिळतं.

आरोप आणि अधिकार

आधी आरोप काय तो नीट समजून घेऊ, कारण पुढच्या सगळ्या राजकारणात तोच हरवून जातो. व्याप्त प्रदेशातल्या मुलांना बेकायदा हद्दपार करणं आणि दुसरीकडे हलवणं हा युद्धगुन्हा आहे. अनाथालयांतून आणि बालगृहांतून नेलेल्या शेकडो मुलांचा उल्लेख मुख्य अभियोक्ता करीम खान यांनी तेव्हाच्या निवेदनात केला होता. या मुलांना रशियन नागरिकत्व लवकर मिळावं म्हणून अध्यक्षांनी काढलेल्या हुकुमांकडेही त्यांनी बोट दाखवलं. मूल नुसतं सुरक्षित जागी हलवणं वेगळं. त्याचं नागरिकत्व बदलून त्याला दुसऱ्या घरी कायमचं देऊन टाकणं वेगळं. मॉस्को ज्याला माया म्हणून दाखवत होतं, त्यातच न्यायालयाला गुन्हा दिसला. युक्रेन सरकारने आजवर अशा साडेएकोणीस हजारांहून जास्त मुलांची नोंद केली आहे.

न्यायालयाला अधिकार कुठून आला, हाही रास्त प्रश्न. रशिया सदस्य नाही. हे न्यायालय ज्या करारातून उभं राहिलं त्या रोम करारावर त्याने २००० साली सही केली होती, ती नोव्हेंबर २०१६ मध्ये मागे घेतली. तेव्हा युक्रेनही सदस्य नव्हता. पण त्याने २०१४ आणि २०१५ मध्ये दोन घोषणापत्रं देऊन आपल्या भूमीवरच्या गुन्ह्यांपुरता न्यायालयाचा अधिकार मान्य केला होता. गुन्हा जिथे घडला ती भूमी महत्त्वाची, आरोपी कुठला हे नाही. मार्च २०२२ मध्ये ३९ सदस्य देशांनी प्रकरण सोपवलं आणि तपास सुरू झाला. या न्यायालयाकडे मात्र स्वतःचा एकही पोलीस नाही. वॉरंट बजावायचं ते सदस्य देशांनी, आणि मार्च २०२३ मध्ये असे १२३ देश होते. अमेरिका, चीन आणि भारत यांत नाहीत.

देशांतर्गत चित्र काय होतं तेही इथे सांगायला हवं. २०२० च्या घटनादुरुस्तीने पुतिन यांच्या आधीच्या कारकिर्दी हिशेबातून वगळल्या आणि २०३६ पर्यंत पदावर राहण्याची वाट मोकळी केली. घटनेशी विसंगत ठरणारे आंतरराष्ट्रीय निर्णय रशियात लागू होणार नाहीत, हेही त्याच दुरुस्तीत आलं. वर्षअखेरीस माजी अध्यक्षांना आजन्म संरक्षण देणारा कायदा झाला. वॉरंटनंतर दीड महिन्याच्या आत, एप्रिल २०२३ मध्ये, रशिया ज्यांचा भाग नाही अशा आंतरराष्ट्रीय संस्थांच्या निर्णयांची अंमलबजावणी करायला मदत करणं हाच रशियात गुन्हा ठरला. करीम खान यांचंच नाव रशियाच्या हव्या असलेल्या व्यक्तींच्या यादीत गेलं. ज्या राज्यकर्त्याला त्याच्या देशातलं कुठलंही न्यायालय, कुठलीही संसद, कुठलंही वर्तमानपत्र जाब विचारू शकत नाही, त्याला जाब विचारणारा हा एकच कागद उरला होता. म्हणून मला तो दुबळा असूनही महत्त्वाचा वाटतो.

वॉरंटनंतरच्या दोन दिवसांत पुतिन आधी क्रिमियात गेले, मग रात्री मारिउपोलमध्ये गाडी चालवताना दिसले. २० मार्चला चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग तीन दिवसांच्या दौऱ्यासाठी मॉस्कोत उतरले. बीजिंगने आपलं उत्तर असं दिलं.

जोहान्सबर्ग: धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं

खरी परीक्षा दक्षिण आफ्रिकेची झाली. ब्रिक्स, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका यांच्या गटाची ऑगस्ट २०२३ मधली परिषद जोहान्सबर्गला ठरलेली, पुतिन यांना निमंत्रण गेलेलं, आणि दक्षिण आफ्रिका न्यायालयाची सदस्य. नुसती सदस्य नाही, तर रोम करार देशाच्या कायद्यात उतरवणारा अधिनियम तिथे २००२ पासून लागू आहे. म्हणजे अटक करणं हे परराष्ट्र खात्याच्या मर्जीवर नव्हतं, तो देशाचाच कायदा होता.

शिवाय या देशाचे हात एकदा पोळलेले होते. जून २०१५ मध्ये सुदानचे अध्यक्ष ओमर अल-बशीर आफ्रिकी संघाच्या परिषदेला जोहान्सबर्गला आले. दारफुरमधल्या गुन्ह्यांसाठी त्यांच्यावर वॉरंट होतं. प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने त्यांना देश सोडू देऊ नये असा आदेश दिला. तरीही ते वॉटरक्लूफच्या लष्करी विमानतळावरून निघून गेले. पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने सरकारचं वागणं बेकायदा ठरवलं, २०१७ मध्ये हेगनेही तेच म्हटलं. आपल्याच न्यायालयाचा आदेश सरकारने डावलला, ही जखम लोकांच्या लक्षात होती.

दुसऱ्या पारड्यातही वजन होतं. वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला सोव्हिएत संघाने शस्त्रं दिली, प्रशिक्षण दिलं, आसरा दिला. ज्या काळात पश्चिमेतली सरकारं त्या पक्षाला दहशतवादी समजत होती, त्या काळातली ही मदत. ती पिढी अजून सत्तेत आहे आणि उपकार विसरलेली नाही. ही कृतज्ञता खोटी आहे असं मी म्हणणार नाही. फक्त त्या सोव्हिएत संघात युक्रेनही होता, हे मॉस्कोचे आभार मानताना राहून जातं. अमेरिकी बाजारात मिळणाऱ्या व्यापारी सवलतींवर पाणी सोडावं लागेल, ही भीतीही होतीच. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या राजदूताने तर सायमन्स टाउनच्या नौदल तळावर एका रशियन जहाजात शस्त्रं चढवल्याचा जाहीर आरोप केला होता.

उपाध्यक्ष पॉल माशातिले यांनी तेव्हा मुलाखतीत सांगितलं, मित्राला घरी बोलावून त्यालाच अटक कशी करायची? हे माणसाला पटण्यासारखं वाक्य आहे. पण न्यायालयात ते चालत नाही. डेमोक्रॅटिक अलायन्स हा तेव्हाचा विरोधी पक्ष उच्च न्यायालयात गेला, पुतिन आले तर अटक करा असा आदेश त्याला हवा होता. उत्तरादाखल अध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी जे प्रतिज्ञापत्र दिलं, तो मला या प्रकरणातला सर्वात बोलका दस्तऐवज वाटतो. आपल्या विद्यमान अध्यक्षांना अटक करणं म्हणजे युद्धाची घोषणा समजली जाईल, असं रशियाने स्पष्ट केलं आहे, असं त्यांनी त्यात लिहिलं. एका सार्वभौम लोकशाही देशाच्या अध्यक्षाला न्यायालयासमोर शपथेवर हे सांगावं लागलं. मित्र म्हणवणाऱ्याची मैत्री तेव्हा कुठल्या पायावर उभी होती, हे या एका विधानातून कळतं.

१९ जुलैला जाहीर झालं: परस्पर सहमतीने पुतिन येणार नाहीत. सँडटनच्या सभागृहात २२ ते २४ ऑगस्टला शी, मोदी आणि लुला प्रत्यक्ष हजर होते. पुतिन पडद्यावर बोलले, खुर्चीवर परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव बसले.

वॉरंटचा हा सर्वात ठसठशीत परिणाम. पोलीस नसलेल्या न्यायालयाने जगातला सर्वात मोठा अण्वस्त्रसाठा बाळगणाऱ्या माणसाला एका मैत्रीपूर्ण देशात जाऊ दिलं नाही. आणि ते साधलं ते न्यायाधीशांच्या ताकदीने नाही, तर दक्षिण आफ्रिकेत स्वतंत्र न्यायालयं आहेत आणि विरोधी पक्ष तिथे धाव घेऊ शकतो म्हणून. हे सूत्र धरून ठेवा, पुढे मंगोलियात ते लागेल.

दिल्लीतल्या सप्टेंबर २०२३ च्या जी-२० परिषदेलाही पुतिन आले नाहीत. भारत सदस्य नसल्याने अटकेचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे ती अनुपस्थिती वॉरंटच्या खात्यावर मांडता येत नाही. वॉरंटनंतरचा त्यांचा पहिला परदेश दौरा ऑक्टोबरात किरगिझस्तानचा, मग बीजिंग. डिसेंबरात संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबिया, तेही सुखोई-३५ लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात. यातला एकही देश न्यायालयाचा सदस्य नाही. त्या वर्षीच्या दौऱ्यांचा नकाशा असा वॉरंटच्या रेषेला धरून आखलेला दिसतो.

उलानबातरची दोन उत्तरं

२ सप्टेंबर २०२४ च्या संध्याकाळी ही रेषा पहिल्यांदा ओलांडली गेली. मंगोलिया एप्रिल २००२ पासून न्यायालयाशी बांधलेला, आणि मार्च २०२४ मध्ये एका मंगोल महिला न्यायाधीशांनी हेगला शपथ घेतलेली. त्याच देशाच्या राजधानीत, सुखबातर चौकात, दुसऱ्या दिवशी पुतिन यांना मानवंदना मिळाली. ऐतिहासिक मंगोल वेशातले घोडेस्वार सज्ज होते. निमित्त होतं खालखिन गोलच्या लढाईचं. १९३९ साली सोव्हिएत आणि मंगोल सैन्याने तिथे जपान्यांना हरवलं, त्याला ८५ वर्षं झाली होती.

मंगोलियावर कायदा मोडल्याचा ठपका ठेवणं सोपं आहे, आणि तो ठेवलाच पाहिजे. पण एकदा नकाशा उघडून बघा. उत्तरेला रशिया, दक्षिणेला चीन, तिसरा शेजारीच नाही. समुद्र नाही. सरकारी प्रवक्त्याने तेव्हा सांगितलं की देशातली ९५ टक्के पेट्रोलियम उत्पादनं आणि २० टक्क्यांहून जास्त वीज शेजाऱ्यांकडून येते. उलानबातरचा हिवाळा उणे तीस अंशांपर्यंत उतरतो. तिथे इंधन थांबणं म्हणजे काय, हे मुंबई-पुण्यात बसून सांगणं आपल्याला शोभत नाही. नव्वदच्या दशकापासून या लहान लोकशाहीने दूरच्या देशांशी संबंध जोडायचा सतत प्रयत्न केला, त्यांना ते 'तिसरा शेजारी' म्हणतात. हेगचं सदस्यत्वही त्याच धडपडीचा भाग होता. म्हणजे ज्या कायद्याच्या आधाराने हा देश मोठ्या शेजाऱ्यांपासून थोडी मोकळी जागा मिळवू पाहत होता, तोच कायदा त्याला शेजाऱ्याच्या दबावाखाली मोडावा लागला. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मॉस्कोने सदस्य देश म्हणून याच देशाची निवड केली यात योगायोग नाही. जोहान्सबर्गमध्ये जे जमलं नाही ते इथे जमणार होतं, कारण इथे वीज आणि डिझेलची चावी त्यांच्या हातात होती. भेटीआधी अटक होण्याची काळजी नाही, असं क्रेमलिनचे प्रवक्ते पेस्कोव म्हणाले होते.

मंगोलियाने हेगला सांगितलं की राष्ट्रप्रमुखांना परदेशात अटकेपासून संरक्षण असतं. न्यायाधीशांनी ते फेटाळलं: रोम करारानुसार पदाचं कवच या न्यायालयासमोर चालत नाही. मंगोलियाने आपलं कर्तव्य केलं नाही, असा निर्णय देऊन त्यांनी प्रकरण सदस्य देशांच्या सभेकडे पाठवलं. ही सभा निषेध करू शकते, दंड करू शकत नाही.

त्या निर्णयाची तारीख होती २४ ऑक्टोबर २०२४. त्याच दिवशी रशियातल्या कझानमध्ये ब्रिक्स परिषदेचा समारोप होत होता. यजमान पुतिन, पाहुण्यांत शी, मोदी, एर्दोआन. आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँतोनियो गुतेरेस. हेगचं न्यायालय संयुक्त राष्ट्रांचा भाग नाही हे खरं, पण रोम करार त्यांच्याच पुढाकारातून जन्मला. एका शहरात न्यायाधीश लिहीत होते की या माणसाला पकडलं नाही हा दोष आहे, दुसऱ्या शहरात जगाच्या सर्वोच्च संस्थेचे प्रमुख त्याच माणसाशी हस्तांदोलन करत होते. गुतेरेस यांनी तिथेही युक्रेनमध्ये न्याय्य शांतता हवी हे सांगितलं. तरी युक्रेनमध्ये जे छायाचित्र पोहोचलं ते हस्तांदोलनाचं.

पायघड्या

ब्रिक्सची पुढची परिषद जुलै २०२५ मध्ये रिओ द जानेरोला झाली. ब्राझील सदस्य, म्हणून पुतिन पुन्हा पडद्यावर. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, १५ ऑगस्टला, ते अलास्कात उतरले. अँकरेजच्या लष्करी तळावर डोनाल्ड ट्रम्प यांनी लाल पायघड्या घालून त्यांचं स्वागत केलं, वरून बी-२ बॉम्बफेकी विमान गेलं, आणि पुतिन अमेरिकी अध्यक्षांच्याच गाडीत बसून बैठकीला गेले. युद्धविराम झाला नाही. पाच दिवसांनी अमेरिकेने निर्बंध लावले, ते हेगच्या न्यायालयातल्या दोन न्यायाधीशांवर आणि दोन उपअभियोक्त्यांवर. कारण वेगळं होतं: इस्रायली आणि अमेरिकी नागरिकांविरुद्धची न्यायालयाची कारवाई. २०२३ मध्ये हेच पुतिन यांच्यावरचं वॉरंट बायडन यांना समर्थनीय वाटलं होतं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतन्याहू यांच्यावर वॉरंट निघालं तेव्हा तेच न्यायालय त्यांना संतापजनक वाटलं. रशियाने वॉरंटला जेवढा धक्का लावला नाही तेवढा या दुटप्पीपणाने लावला, असं माझं स्पष्ट मत आहे. युक्रेनचाही इथे अपवाद नाही. १ जानेवारी २०२५ पासून तो पूर्ण सदस्य झाला, पण आपल्या नागरिकांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या आरोपांतून सात वर्षांची सूट घेऊनच.

आणि आपण? ८ जुलै २०२४ ला मोदी मॉस्कोत पोहोचले त्याच दिवशी कीवमधल्या ओखमातदित बालरुग्णालयावर क्षेपणास्त्र पडलं. दुसऱ्या दिवशी पुतिन यांच्याशेजारी बसून मोदींनी निष्पाप मुलांच्या मृत्यूने काळीज विदीर्ण होतं असं म्हटलं. ते म्हटलं हे महत्त्वाचं, कारण त्या टेबलावर तसं बोलणारे फार नव्हते. मग ४ डिसेंबर २०२५ ला पुतिन दिल्लीत आले. मोदी स्वतः पालम विमानतळावर गेले आणि दोघे एकाच फॉर्च्युनरमधून निघाले. गाडीची पाटी महाराष्ट्राची होती, म्हणून आपल्याकडच्या बातम्यांत दोन दिवस त्या पाटीचीच चर्चा चालली. भारत रोम करारात नाही, त्यामुळे कायद्याने आपण काहीही मोडलं नाही. स्वस्त तेल, एस-४००, खतं, जुना विश्वास, ही कारणं खरी आहेत आणि मी ती नाकारत नाही. १९७१ चं ऋण माझ्या घरातल्या मोठ्यांनी मला सांगितलेलं आहे. पण त्या दोन दिवसांच्या आपल्या मराठी चर्चेत वॉरंट कशासाठी आहे, हे मला फार थोड्या ठिकाणी ऐकायला मिळालं.

हे सगळं मांडल्यावर बळी तो कान पिळी म्हणून प्रकरण मिटवता येत नाही. जोहान्सबर्ग आणि रिओमध्ये त्या कागदाने पुतिन यांना खरोखर अडवलं. उलानबातरमध्ये, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दुशान्बेत, अडवू शकला नाही. ताजिकिस्तानही सदस्यच आहे. फरक पाहा: जिथे सरकारला घरच्या न्यायालयाचा धाक होता तिथे रशियाने माघार घेतली, आणि जिथे शेजारी आपल्यावर अवलंबून होता तिथे तो बिनधास्त गेला. यातून दिसणारं रशियाचं स्थान महासत्तेचं नाही, आणि बहिष्कृताचंही नाही. सीमेलगत त्याची जरब चालते, दूर अंतरावर त्याला यजमानाच्या गरजेवर विसंबावं लागतं, आणि अँकरेजमध्ये मिळाला तसा मान एका माणसाच्या मर्जीवर टिकून असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये बुडापेस्टला ट्रम्प यांच्याशी दुसरी भेट ठरतेय असं जाहीर झालं आणि काही दिवसांतच ती रद्द झाली.

अलास्काच्या भेटीत ट्रम्प यांनी पुतिन यांच्या हाती मेलानिया ट्रम्प यांचं एक पत्र दिलं होतं, विषय होता मुलं. १० ऑक्टोबर २०२५ रोजी मेलानिया यांनी जाहीर केलं की या संपर्कातून आठ मुलं आपापल्या कुटुंबांकडे परत गेली. आठ घरांत त्या दिवशी काय झालं असेल, याची कल्पना करताना डोळे भरून येतात. ही वाट न्यायालयातून गेली नाही, एका पत्रातून गेली.

हेगमध्ये आरोपी हजर नसताना खटला उभा राहत नाही. फाइल उघडी आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत आयुक्त बाईंनी ज्याच्याबद्दल कॅमेऱ्यासमोर सांगितलं, तो मारिउपोलचा मुलगा आता सज्ञान आहे.